ट्रॅव्हलिंग विलबरीज कसे ऐकावे: पाच आवाज, दोन अल्बम आणि ऐकण्याचा योग्य क्रम

ट्रॅव्हलिंग विलबरीज या रॉक गटाकडे पहिल्यांदा वळणारे बरेच श्रोते दोन-तीन गाणी ऐकून थांबतात, आणि याचे कारण बहुतेक वेळा गाण्यांत नसून ऐकण्याच्या पद्धतीत असते. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी आणि जेफ लिन ही पाच नावे एका ओळीत वाचली की मनात आपोआप एक बेरीज होते, तिच्यातून भव्य काहीतरी निघणार अशी अपेक्षा तयार होते, आणि मग साध्या अकूस्टिक गिटारींवर उभी असलेली तीन-साडेतीन मिनिटांची गाणी कानावर पडल्यावर ती अपेक्षा फसते. जुगलबंदी शोधणाऱ्याला येथे काहीही सापडणार नाही. या पाच जणांची रीत भजनी मंडळासारखी आहे: एकाने ओळ उचलायची, दुसऱ्याने झेलायची, आणि ज्याच्या गळ्याला जी जागा शोभते ती त्याच्यासाठी बाकीच्यांनी मोकळी सोडायची. म्हणून हे संगीत ऐकताना कोण किती मोठा आहे याकडे पाहण्याऐवजी कोण कोणत्या ओळीला येतो आणि कधी बाजूला होतो, याकडे लक्ष द्यावे. पुढील सर्व पायऱ्या याच एका सवयीसाठी आहेत, त्यामुळे त्यांचा क्रम बदलू नये.

पूर्वतयारी: प्रत, साधन आणि वही

पहिले काम योग्य प्रत मिळवण्याचे आहे. या मंडळींचे दोनच अल्बम आहेत. पहिला, ‘व्हॉल्यूम १’, १८ ऑक्टोबर १९८८ रोजी आला आणि दुसरा २९ ऑक्टोबर १९९० रोजी आला, मात्र त्याचे नाव त्यांनी मुद्दाम ‘व्हॉल्यूम ३’ ठेवले. ‘व्हॉल्यूम २’ नावाचा अल्बम कधीच प्रसिद्ध झाला नाही, तेव्हा तो शोधण्यात वेळ घालवू नये. दोन्ही अल्बम अनेक वर्षे बाजारात मिळत नव्हते. २००७ मध्ये ते ‘द ट्रॅव्हलिंग विलबरीज कलेक्शन’ या संचातून पुन्हा उपलब्ध झाले, आणि आज बहुतेकांच्या हाती येते ती हीच आवृत्ती.

या आवृत्तीत एक अडचण आहे. ‘व्हॉल्यूम १’च्या दहा मूळ गाण्यांनंतर ‘मॅक्सीन’ आणि ‘लाइक अ शिप’ ही दोन जादा गाणी जोडलेली आहेत, आणि ‘व्हॉल्यूम ३’च्या अकरा गाण्यांनंतर ‘नोबडीज चाइल्ड’ आणि ‘रनअवे’ ही दोन. ही चारही गाणी ऐकण्याजोगी आहेत, पण ती मूळ अल्बमच्या शेवटाला चिकटून वाजली की तो शेवट वाया जातो. म्हणून सुरुवातीलाच पहिल्या अल्बमची दहा आणि दुसऱ्याची अकरा गाणी अशा दोन स्वतंत्र याद्या करून ठेवाव्यात.

साधन महाग असण्याची गरज नाही, पण दोन्ही कानांना आवाज पोचला पाहिजे. फोनच्या स्पीकरवर हे संगीत ऐकणे व्यर्थ आहे, कारण एकावर एक वाजणाऱ्या अकूस्टिक गिटारी तेथे एकच खरखर होऊन बसतात. साधे तारेचे हेडफोन किंवा एकमेकांपासून थोड्या अंतरावर ठेवलेले दोन स्पीकर पुरेसे आहेत. ऐकण्यापूर्वी फोनमधील शफल, क्रॉसफेड आणि ‘बास बूस्ट’सारख्या सोयी बंद कराव्यात. क्रॉसफेड चालू राहिल्यास एका गाण्याची विरत जाणारी शेवटची गिटार पुढच्या गाण्याच्या सुरुवातीखाली दबते.

शेवटची तयारी म्हणजे एक वही. पानावर पाच उभे रकाने आखून हॅरिसन, लिन, ऑर्बिसन, पेटी आणि डिलन अशी नावे लिहावीत. अल्बमच्या वेष्टनावर ही नावे नाहीत. तेथे पाच सावत्र भाऊ म्हणून नेल्सन, ओटिस, लेफ्टी, चार्ली टी. ज्युनियर आणि लकी विलबरी अशी टोपणनावे आहेत आणि ती याच क्रमाने वरील पाच जणांची आहेत. हीसुद्धा रकान्यांत लिहून ठेवावीत.

इशारा: एकाच कानात इअरबड घालून, चालता-चालता केलेले ऐकणे या मार्गदर्शनापुरते मोजू नये.

पायरी १: पाच आवाज वेगवेगळे ओळखणे

ही पायरी सर्वाधिक वगळली जाते आणि पुढचा बहुतेक गोंधळ येथूनच सुरू होतो. ज्याला पाच आवाज वेगळे ओळखू येत नाहीत, त्याच्यासाठी विलबरीजचे प्रत्येक गाणे ‘कोणीतरी गातो आहे’ एवढेच राहते. म्हणून अल्बम लावण्यापूर्वी प्रत्येकाचे एकेक स्वतंत्र गाणे ऐकावे, आणि ते शक्यतो १९८७ ते १९९० या काळातले निवडावे, कारण आपल्याला त्या वर्षांतला गळा ओळखायचा आहे.

हॅरिसनसाठी ‘क्लाउड नाइन’ या १९८७ च्या अल्बममधील ‘दिस इज लव्ह’ घ्यावे. त्याचा आवाज मऊ आणि थोडा नाकातला आहे, आणि तो स्वरावर कधी जोर देत नाही. पेटीसाठी १९८९ चे ‘फ्री फॉलिन’ घ्यावे. फ्लोरिडाच्या या गायकाची शब्दांचे शेवट आळसावल्यासारखे ओढण्याची सवय तेथे स्पष्ट ऐकू येते. डिलनसाठी त्याच वर्षीचा ‘ओ मर्सी’ हा अल्बम पुरेसा आहे. जेफ लिनसाठी त्याच्या १९९० च्या स्वतंत्र अल्बममधील ‘एव्हरी लिटल थिंग’ ऐकावे, म्हणजे त्याचा उंच, गुळगुळीत आणि अनेक थरांत ध्वनिमुद्रित केलेला आवाज कसा असतो ते कळते. ऑर्बिसनसाठी ‘यू गॉट इट’ निवडावे. त्याचा आवाज ओळखण्यासाठी खरे तर सरावाची गरज पडत नाही, कारण खालच्या पट्टीत शांतपणे सुरू होऊन कोणताही धक्का न देता वर चढत जाणारा असा गळा या पाचांत दुसरा नाही.

येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली चूक म्हणजे डिलनची १९६५ च्या सुमारची गाणी ऐकून त्या आवाजाची खूण मनात ठेवणे. १९८८ पर्यंत त्याचा गळा बराच खरखरीत झालेला होता आणि शब्द तालाच्या मागेपुढे टाकण्याची त्याची रीत अधिक ठळक झालेली होती. दुसरी चूक हॅरिसन आणि लिन यांच्यात होते. ध्रुवपदांत हे दोन इंग्रज आवाज एकत्र येतात तेव्हा ते एकच वाटतात. अशा वेळी वरची पट्टी धरणारा आवाज लिनचा आहे का, ते आधी तपासावे.

तपासणी: ही पाच गाणी एका यादीत टाकून शफलवर लावावीत आणि प्रत्येक गाण्याच्या मध्यावरून ऐकायला सुरुवात करावी. दोन-चार ओळींत गायक ओळखता आला पाहिजे. पेटी आणि डिलन यांच्यात अजूनही घोटाळा होत असेल, तर पुढे जाऊ नये.

पायरी २: ‘हँडल विथ केअर’ चार वेळा ऐकणे

हे गाणे अल्बममध्ये पहिले आहे आणि ध्वनिमुद्रणातही पहिलेच. हॅरिसनला ‘दिस इज लव्ह’च्या युरोपातील सिंगलच्या (एका मुख्य गाण्यासाठी काढलेल्या तबकडीच्या) दुसऱ्या बाजूसाठी एक गाणे हवे होते. १९८८ च्या वसंतात तो लॉस एंजेलिसला होता, लिन तेथे ऑर्बिसनबरोबर काम करत होता, ध्वनिमुद्रणाची सोय मालिबूमध्ये डिलनच्या घरी होती आणि हॅरिसनची गिटार पेटीकडे होती. अशा रीतीने पाचही जण एका जागी आले. गाण्याचे नाव डिलनच्या गॅरेजमधील एका खोक्यावरच्या सूचनेवरून घेतले गेले. रेकॉर्ड कंपनीने हे गाणे दुसऱ्या बाजूला टाकण्यास नकार दिला आणि त्यातून अल्बमची कल्पना पुढे आली. हा तपशील ऐकण्यासाठी उपयोगाचा आहे, कारण गाण्याचे भाग समोर बसलेल्या गळ्यांना पाहून बेतले आहेत हे तो माहीत असल्यावर लगेच जाणवते.

पहिल्या ऐकण्यात फक्त गायकांचा क्रम वहीत लिहावा. कडवी हॅरिसनकडे आहेत. त्यानंतर येणारा एकटेपणाचा भाग ऑर्बिसनकडे आहे आणि त्याच्या लगेच पुढचा भाग डिलन आणि पेटी मिळून गातात. ऑर्बिसनचा भाग सुरू होताना वाद्ये कशी विस्तारतात, आणि डिलन-पेटी येताच गाणे पुन्हा जमिनीवर कसे उतरते, हे या गाण्याचे मर्म आहे. भव्य स्वरानंतर खडबडीत स्वर ठेवण्याचा हा निर्णय मला संपूर्ण अल्बममधला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

दुसऱ्या ऐकण्यात हॅरिसनच्या स्लाइड गिटारकडे, म्हणजे तारांवर नळी घसरवत वाजवलेल्या गिटारकडे, लक्ष द्यावे. मराठी श्रोत्याला येथे एक आयती सोय आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना मधल्या श्रुतींना स्पर्श करण्याची त्याची पद्धत ऐकली की मींड आठवते, आणि हे साम्य वरवरचे नाही, कारण हॅरिसनने १९६६ मध्ये पंडित रविशंकर यांच्याकडे मुंबईत सतारीचे धडे घेतले होते आणि जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्याच एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांबरोबर ध्वनिमुद्रणही केले होते. पुढे सतार त्याच्या हातून मागे पडली, पण स्वर घसरत नेण्याची ओढ स्लाइडमध्ये राहिली. गाण्याच्या शेवटाकडे डिलनचा माउथ ऑर्गन येतो, तोही याच फेरीत टिपावा.

तिसऱ्या ऐकण्यात फक्त ड्रम आणि अकूस्टिक गिटारी ऐकाव्यात. लिनच्या निर्मितीची खूण म्हणजे फार घुमू न देता कोरडा ठेवलेला ड्रमचा आवाज आणि त्यावर एकाच ठेक्यात वाजणाऱ्या अनेक गिटारी. चौथ्या वेळी वही मिटून, काहीही न शोधता गाणे पूर्ण ऐकावे.

तपासणी: चौथ्या ऐकण्यात ऑर्बिसन येण्याआधी तो येणार याची चाहूल लागत असेल, तर ही पायरी पूर्ण झाली.

पायरी ३: ‘व्हॉल्यूम १’ची पहिली बाजू

संपूर्ण अल्बम सुमारे ३६ मिनिटांचा आहे आणि मूळ तबकडीवर प्रत्येक बाजूला पाच गाणी आहेत. ही विभागणी पाळावी. पाच गाण्यांनंतर थांबून मगच पुढे जावे.

अल्बमचा मुख्य भाग मे १९८८ मध्ये, डिलन दौऱ्यावर निघण्यापूर्वीच्या जेमतेम दहा दिवसांत, लॉस एंजेलिसमध्ये संगीतकार डेव्ह स्टुअर्टच्या घरी तयार झाला, आणि पुढचे संस्करण इंग्लंडमध्ये हॅरिसनच्या फ्रायर पार्क येथील स्टुडिओत झाले. पाचही जण वर्तुळात बसून गिटारी छेडत, गाणे त्याच बैठकीत रचले जाई, आणि मुख्य ओळ कोणाच्या आवाजात बसते हे एकेकाला गाऊन पाहून ठरवले जाई. गाण्यांचा हलकेपणा या घाईतून आलेला आहे. त्याला उथळपणा समजणे ही नव्या श्रोत्यांची आणखी एक मोठी चूक होय.

‘डर्टी वर्ल्ड’मध्ये मुख्य आवाज डिलनचा आहे, पण ऐकायचे आहे ते शेवटचा भाग, जेथे बाकीचे एकामागून एक एकेक तुकडा गातात, येथे वहीतले पाचही रकाने भरले पाहिजेत. ‘रॅटल्ड’ लिनचे आहे. यात ड्रमवादक जिम केल्टनरने स्वयंपाकघरातल्या फ्रीजच्या जाळ्यांवर काठ्या वाजवल्या आहेत, आणि तो खणखणता, धातूचा ठेका एकदा कानाला सापडला की पुन्हा हरवत नाही. ‘लास्ट नाइट’मध्ये पेटी गोष्ट सांगतो आणि मधल्या भागात ऑर्बिसन येऊन तिचा रंग बदलतो.

पहिली बाजू ‘नॉट अलोन एनी मोर’ने संपते. येथे वही बाजूला ठेवावी. हे गाणे पूर्णपणे ऑर्बिसनचे आहे आणि इतर चार नामवंत या गाण्यात केवळ साथीला आहेत. १९६३ मध्ये बीटल्सने ऑर्बिसनबरोबर ब्रिटनचा दौरा केला होता. त्या दौऱ्यातला तरुण हॅरिसन पंचवीस वर्षांनी त्याच्या मागे उभा राहून कोरस गातो आहे, हे लक्षात ठेवून ऐकले म्हणजे त्या साथीतला आदर कळतो.

इशारा: हे गाणे आवडले म्हणून लगेच पुन्हा लावू नये. पहिली बाजू या उंचीवरच संपली पाहिजे.

पायरी ४: दुसरी बाजू आणि तिचा शेवट

‘काँग्रॅच्युलेशन्स’ हे डिलनच्या आवाजातले संथ, कडवट गाणे आहे. सुरुवातीला ते लांबते आहे असे वाटेल. ध्रुवपदात बाकीचे आवाज एकदम आत येतात तेथपर्यंत धीर धरावा. ‘हेडिंग फॉर द लाइट’मध्ये हॅरिसन आणि लिन पुढे आहेत आणि जिम हॉर्नचा सॅक्सोफोन आहे. ‘मार्गारीटा’ मला या अल्बमचे सर्वांत दुबळे गाणे वाटते, त्यामुळे त्यावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही.

‘ट्वीटर अँड द मंकी मॅन’साठी मात्र तयारी लागते. न्यू जर्सीत घडणारी गुन्हेगारीची लांबलचक कथा डिलन यात सांगतो आणि ओळीओळीत अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांची नावे पेरतो. स्प्रिंगस्टीनच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतील अल्बमांवरील गाण्यांची यादी आधी नजरेखालून घातल्यास ही पेरणी ओळखण्यात निराळा आनंद मिळतो. पहिल्यांदा शब्द समोर ठेवून वाचत ऐकावे आणि दुसऱ्यांदा शब्दांशिवाय. शब्द न वाचता ऐकणारे येथे कथेचा धागा सोडतात आणि मग गाणे कंटाळवाणे ठरवतात.

शेवटचे गाणे ‘एंड ऑफ द लाइन’. यात कडवी पेटीकडे आहेत आणि ध्रुवपदे हॅरिसन, लिन आणि ऑर्बिसन आळीपाळीने उचलतात. ठेका आगगाडीचा आहे, आणि मुख्य आवाज बदलत असतानाही तो किंचितही हलत नाही.

तपासणी: या गाण्यात प्रत्येक ध्रुवपदाचा मुख्य आवाज वहीत नोंदवावा आणि नंतर अल्बमच्या माहितीशी ताडून पाहावा. चुकलेल्या जागा बहुधा हॅरिसन-लिनच्याच निघतात. त्या जागा पायरी १ मधील गाण्यांशी पुन्हा जुळवून घ्याव्यात.

पायरी ५: चित्रफिती, पण आत्ताच

चित्रफिती आधी पाहिल्या की कान चेहऱ्यांच्या मागे जातात, म्हणून त्या येथपर्यंत थांबवल्या आहेत. ऑर्बिसनचे ६ डिसेंबर १९८८ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. अल्बम येऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. ‘एंड ऑफ द लाइन’चे चित्रीकरण त्यानंतरचे आहे. आगगाडीच्या डब्यात चौघे वाजवत बसलेले असतात, आणि ऑर्बिसनचा आवाज येतो त्या क्षणी डोलणाऱ्या खुर्चीत ठेवलेली त्याची गिटार आणि शेजारी त्याचे छायाचित्र दिसते. ज्याने पायरी ४ नीट केली आहे, त्याला हा आवाज चित्र दिसण्याआधीच ओळखू येतो.

‘कलेक्शन’ संचात ध्वनिमुद्रणाच्या दिवसांचा सुमारे पंचवीस मिनिटांचा माहितीपटही आहे. त्यातील फ्रीजवर वाजवणारा केल्टनर अवश्य पाहावा. थेट मैफलीचे चित्रण मात्र शोधू नये. या गटाने कधीही जाहीर कार्यक्रम केला नाही.

पायरी ६: ‘व्हॉल्यूम ३’, तुलना न करता

हा अल्बम पहिल्यानंतर लगेच लावणे हीही मोठी चूक. ऑर्बिसनची जागा रिकामी आहे आणि उरलेल्या चौघांनी ती कोणालाही दिली नाही. अल्बम लेफ्टी विलबरीला अर्पण केलेला आहे. त्यामुळे मध्ये निदान एक दिवस जाऊ द्यावा. टोपणनावेही बदलली आहेत: हॅरिसन आता स्पाइक, लिन क्लेटन, पेटी मडी आणि डिलन बू झाला आहे.

येथे पहिल्या गाण्यापासून सलग ऐकण्याचा आग्रह मी धरणार नाही. ‘इनसाइड आउट’पासून सुरुवात करावी, मग डिलनचे ‘इफ यू बिलाँग्ड टू मी’ घ्यावे आणि त्यानंतर ‘द डेव्हिल्स बीन बिझी’. या तिसऱ्या गाण्यात सतार आहे, आणि पायरी २ मध्ये स्लाइडकडे लक्ष दिलेल्या श्रोत्याला ती अनोळखी वाटणार नाही. पेटीचे ‘कूल ड्राय प्लेस’ सावकाश आवडत जाते. ‘शीज माय बेबी’ नंतर ऐकावे. त्यातील तापलेली मुख्य गिटार गॅरी मूरची आहे आणि ती विलबरीजच्या नेहमीच्या संयमापेक्षा इतकी वेगळी आहे की तिने सुरुवात केल्यास उरलेला अल्बम फिका वाटतो. ही गाणी ओळखीची झाल्यावर मूळ क्रमाने सर्व अकरा गाणी एकदा ऐकावीत.

पायरी ७: सख्खे शेजारी अल्बम आणि बाजूला ठेवलेली गाणी

आता पायरी १ मधील यादीकडे परत जावे आणि त्या गाण्यांचे पूर्ण अल्बम घ्यावेत. ‘क्लाउड नाइन’ची निर्मिती हॅरिसन आणि लिन यांची आहे. ऑर्बिसनचा ‘मिस्टरी गर्ल’ त्याच्या निधनानंतर १९८९ मध्ये आला आणि त्यातले ‘यू गॉट इट’ ऑर्बिसन, लिन आणि पेटी यांनी मिळून लिहिले. पेटीचा ‘फुल मून फीव्हर’ही १९८९ चाच, आणि त्याच्या निर्मात्यांतही लिन आहे. हे तिन्ही कालक्रमाने ऐकावेत, कारण कोरडे ड्रम आणि थरांच्या गिटारी यांचा तोच साचा प्रत्येक गायकाबरोबर कसा बदलतो हे सलग ऐकल्यावरच उमगते.

‘फुल मून फीव्हर’मधील ‘आय वोन्ट बॅक डाउन’च्या ध्रुवपदात मागच्या साथीत हॅरिसन आहे, तो हेडफोनवर शोधावा. त्याच अल्बमच्या शेवटच्या ‘झोंबी झू’मध्ये ऑर्बिसनही साथीला आहे. दोन्ही सापडल्यावर, सुरुवातीला बाजूला काढून ठेवलेली ‘मॅक्सीन’ आणि ‘लाइक अ शिप’ लावावीत. ही गाणी जुन्या ध्वनिमुद्रणांवर लिन आणि हॅरिसनचा मुलगा धानी यांनी नंतर भर घालून पूर्ण केलेली आहेत, तेव्हा वहीत एक सहावा रकाना आखून ठेवावा.